गाडीचा मीटर बंद पडला, तर…

आज आपण गाडीच्या मीटरबद्दल बोलणार आहोत. स्टिअरिंगच्या मागं काचेआड काटे, आकडे आणि लाल-पिवळे दिवे असतात ना, तोच मीटर. गॅरेजवाले त्याला कधी मीटर म्हणतात, कधी मीटर कन्सोल, कधी क्लस्टर. आपण मीटरच म्हणू.

आता हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपल्या किती गटांकडं आज गाडी आहे ते बघा. कुणाचा भाजीपाल्याचा टेम्पो, कुणाची दुधाची गाडी, कुणाची सवारीची गाडी. २०१७ साली ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली, तेव्हापासून प्रवासी गाडी चालवणं हेही बचत गटाचं काम झालं. ज्यांना योजना मिळाली नाही त्यांनी वर्गणी काढून जुनी गाडी घेतली. एकदा गाडी दारात आली की हप्ता, डिझेल, विमा, ड्रायव्हरचा पगार हा सगळा हिशेब किलोमीटरवर चालतो. आणि किलोमीटर सांगतो मीटर.

म्हणून मीटर बंद पडला की गाडी चालूच राहते, पण गटात दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे संशय. परवा तर दोन हजारांचं डिझेल टाकलं होतं, गेलं कुठं? गाडी खरंच तालुक्याला गेली होती की आणखी कुठं? ड्रायव्हर आपल्यातलीच एखादी असेल तर तिला मीटिंगमध्ये मान खाली घालून बसावं लागतं, आणि काहीही केलेलं नसताना. दुसरी गोष्ट गॅरेजमध्ये घडते. तिथं एक नजर टाकून सांगतात, ताई, अख्खा मीटरच बदलावा लागेल. पाच-दहा रुपयांचा फ्यूज गेलेला असला तरी कधी कधी हेच उत्तर मिळतं. दोन्ही ठिकाणी आपल्याला बोलता यावं, एवढ्यासाठी हे कळून घ्यायचं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मीटर स्वतः जवळजवळ काहीच मोजत नाही. मोजणारे दुसरीकडं बसलेले असतात. डिझेलच्या टाकीत एक फ्लोट असतो, आपल्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉकचा चेंडू असतो तसाच. डिझेल उतरलं की तो खाली जातो आणि तारेतून निरोप पाठवतो. इंजिनात पाणी किती तापलंय ते सांगणारा सेन्सर इंजिनावर असतो. ऑइलचा दाब पाहणारा स्विच इंजिनालाच बसवलेला असतो. वेग आणि किलोमीटर चाकाकडून किंवा गिअरबॉक्सकडून येतात. जुन्या गाड्यांत त्यासाठी आत फिरणारी केबल असते, नव्या गाड्यांत सेन्सर आणि वायर. मीटर हे सगळे निरोप ऐकतो आणि आपल्याला दाखवतो. म्हणजे काटा हलत नसेल तर तीन शक्यता आहेत. निरोप पाठवणारा बिघडला, वाटेतली वायर तुटली, किंवा दाखवणारा मीटर बिघडला. मीटर बदलायचा तो फक्त तिसऱ्या वेळी.

आता एक तपासणी सांगते. ती कुणालाही करता येते, गाडी चालवता येत नसली तरी. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी चावी फिरवायची, पण स्टार्टर मारायचा नाही. मीटरवर दिवे लागतील. लाल रंगाचं ऑइलच्या किटलीचं चित्र, लाल बॅटरीचं चित्र, हँडब्रेकचा दिवा, बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. हे दिवे लागायलाच हवेत. मग इंजिन सुरू करा. थोड्या वेळात ते विझायला हवेत. ऑइलचा आणि बॅटरीचा तर लगेच. हँडब्रेकचा दिवा ब्रेक सोडल्यावर विझतो.

बहुतेकजण इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझला का एवढंच बघतात. पण आधी तो लागला का, हे बघणं तितकंच गरजेचं आहे. चावी फिरवल्यावर ऑइलचा दिवा लागलाच नाही, तर सगळं ठीक आहे असा त्याचा अर्थ नव्हे. दिवा गेलाय किंवा वायर सुटलीय. म्हणजे उद्या ऑइल संपलं तरी तो लागणार नाही. काही जुन्या गाड्या विकताना हा दिवा मुद्दाम काढून टाकलेला असतो, बरं का! त्यामुळं जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ही तपासणी सगळ्यात आधी करा.

ऑइलच्या दिव्यावर जरा थांबूया, कारण गटाचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. चालत्या गाडीत हा लाल दिवा लागला तर रस्त्याच्या कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं. पुढच्या गावापर्यंत नेऊ, असं म्हणायचं नाही. ऑइलचा दाब नसेल तर इंजिनाचे भाग कोरडेच एकमेकांवर घासतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. तो खर्च मीटरच्या कितीतरी पट असतो. इंजिन बंद करून थोडं थांबा, ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घालून बघा. ऑइल कमी असेल तर तेवढं भरा. पट्टीवर ऑइल बरोबर दिसतंय आणि तरी दिवा लागतोय, तर स्विच खराब असू शकतो किंवा ऑइलचा पंप. कोणता, ते मेकॅनिक दाब मोजून सांगेल. तोपर्यंत गाडी ओढून न्यायची.

तापमानाचा काटाही तसाच महत्त्वाचा. तो नेहमीच्या जागेवरून वर चढू लागला की थांबा, इंजिन बंद करा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत उकळतं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर येतं. दुसरी एक खूण पुष्कळांना माहीत नसते. काटा वर चढला आणि मग अचानक खाली आला, तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सर पाण्यात बुडतच नाही, त्यामुळं तो खोटं सांगतो. आणि काटा दिवसभर अगदी तळालाच असेल, घाट चढून आला तरी हलला नसेल, तर तोही बंद आहे. ही तक्रार ड्रायव्हर सहसा सांगत नाही, कारण त्याला वाटतं, गाडी तापत नाही म्हणजे चांगलंच आहे.

बॅटरीच्या दिव्याची गंमत वेगळीच आहे. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच अल्टरनेटरमध्ये, ज्याला आपण डायनॅमो म्हणतो, चार्जिंग सुरू व्हायला लागणारा थोडासा करंट या दिव्यातूनच जातो. दिव्याचा बल्ब गेला तर बॅटरी चार्ज होत नाही असंही होतं. लोक बॅटरी बदलतात, डायनॅमो खोलतात, आणि दोष असतो छोट्या बल्बचा. म्हणून चावी फिरवल्यावर हा दिवा लागला नाही तर मेकॅनिकला ते आधी सांगा.

आता समजा मीटरच बिघडलाय असं वाटतंय. गॅरेजला जायच्या आधी काय बघायचं?

सगळे काटे आणि दिवे एकदम बंद पडले असतील तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. मग फ्यूज, अर्थची वायर किंवा मीटरच्या मागचा जोड, यांपैकी काहीतरी आहे. फ्यूजचा डबा बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ किंवा बॉनेटखाली असतो. कोणता फ्यूज मीटरचा, ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. चावी काढून फ्यूज उपसा आणि उजेडात धरा, आतली तार तुटलेली असेल तर दिसते. बदलताना त्याच रंगाचा आणि त्याच आकड्याचा घाला. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालणारे महाभाग आहेत. त्यांना गाडीला हात लावू देऊ नका, वायरिंग पेटतं. आणि नवा फ्यूज घातला की तोही जात असेल तर पुन्हा पुन्हा घालत बसू नका. कुठंतरी वायर उघडी पडून बॉडीला टेकतेय.

ती उघडी कशी पडते? आपल्याकडं उंदीर कुरतडतात. पोत्यांची गाडी, आत सांडलेलं धान्य, रात्री गोठ्याशेजारी उभी. इंजिनाची ऊबही मिळते. दर आठवड्याला गाडीतले दाणे झाडून काढणं हे मीटरसाठीच केलेलं काम समजा.

एकच काटा बंद असेल, बाकी ठीक, तर बहुधा त्या काट्याचा सेन्सर किंवा फ्लोट. वेग आणि किलोमीटर दोन्ही एकदम थांबले, तर जुन्या गाडीत केबल तुटली असेल, नव्या गाडीत वेगाचा सेन्सर. केबल ही स्वस्तातली गोष्ट आहे, त्यासाठी मीटर बदलायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या गॅरेजला जा.

इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा पण उड्या मारतो, हेडलाइट लावला की तापमान वाढल्यासारखं दिसतं, असं होत असेल तर अर्थची वायर सैल किंवा गंजलेली असते. ती घासून घट्ट केली की पुष्कळदा काम होतं. डॅशबोर्डवर थाप मारली की मीटर चालू होतो, खड्ड्यात आपटला की बंद होतो, तर मागचा जोड ढिला आहे किंवा मीटरच्या आतल्या पट्टीवरचे डाख तडकलेत. आपल्या रस्त्यांवर हे होतंच. आणि नुसता उजेड कमी झाला असेल, रात्री आकडे दिसत नसतील, तर आधी उजेड कमी-जास्त करायचं बटण कुणी फिरवलंय का बघा. घरातल्या पोरांना ते बटण फार आवडतं.

दोन सवयींनी चांगले मीटर जातात. एक, गाडी धुताना आतल्या डॅशबोर्डवर पाण्याचा फवारा. आत फक्त ओलसर फडकं फिरवायचं. दुसरी सवय वेल्डिंगची. टेम्पोला जाळी, कॅरिअर, फाळका वेल्डिंग करून घेताना बॅटरीच्या वायर आधी काढायला हव्यात. त्या तशाच ठेवून वेल्डिंग केलं तर मीटर आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात. वेल्डिंगवाल्याला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून आपणच समोर उभं राहून काढून घ्यायच्या.

एवढं बघितलं की ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जा. मीटरच्या कामाला नेहमीच्या मेकॅनिकपेक्षा तो बरा. त्याला म्हणा, आधी मीटरच्या जोडावर करंट येतोय का आणि अर्थ येतोय का, ते टेस्टरवर दाखवा. दोन्ही येत असतील, सेन्सरही ठीक असेल आणि तरी मीटर दाखवत नसेल, तरच दोष मीटरचा. जुन्या साध्या गाडीत तो सेन्सरची वायर काढून काटा हलतो का बघेल, नव्या गाडीत स्कॅनर लावेल. ही वायर काढायची कसरत डिझेल-पेट्रोलच्या टाकीजवळ आपण घरी करायची नाही. ठिणगी पडते. तसंच ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिथं स्टिअरिंगच्या आसपास खोलायचं काम माहीतगारालाच द्यायचं.

बरं, मीटरच गेलाय असं पक्कं झालं. आता तीन वाटा.

पहिली वाट, तोच मीटर दुरुस्त करणं. माझं मत विचाराल तर आधी हीच. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मोठ्या शहरात फक्त मीटर दुरुस्त करणारे कारागीर असतात. तडकलेले डाख पुन्हा देणं, काटा फिरवणारी छोटी मोटर बदलणं, गेलेला बल्ब किंवा पुसट झालेला डिस्प्ले बदलणं ही कामं ते करतात. खर्च कमी येतो आणि किलोमीटरचा आकडा आपलाच राहतो. गाडी मात्र नवी असेल आणि वॉरंटी चालू असेल तर बाहेर कुठं खोलू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. बाहेर उघडलेल्या मीटरची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

दुसरी वाट, नवा मीटर. हा महाग, पण गाडीचा कॉम्प्युटर आणि चावीचं लॉक मीटरशी जोडलेलं असेल तर हीच वाट बरी. अशा काही गाड्यांत नुसता मीटर बसवून गाडी सुरूच होत नाही, तो सेंटरवर कॉम्प्युटरने जुळवून घ्यावा लागतो. म्हणून विचारताना, मीटरची किंमत अधिक जुळवणी अधिक मजुरी, सगळं मिळून किती, असं विचारा.

तिसरी वाट, जुना मीटर, भंगारात निघालेल्या गाडीचा. मुंबईत कुर्ल्याला आणि इतर शहरांतही असे जुने सुटे भाग मिळतात. दिसायला सारखा मीटर म्हणजे तोच मीटर नव्हे. मागच्या चिकटपट्टीवरचा पार्ट नंबर जुळला पाहिजे. डिझेल गाडीचा मीटर पेट्रोलला नीट चालेलच असं नाही. आणि मोठा प्रश्न पुढंच आहे. नव्या काळातल्या मीटरमध्ये किलोमीटरचा आकडा एका छोट्या चिपमध्ये साठवलेला असतो. जुना मीटर बसवला की आपल्या गाडीवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर दिसतात. कारागीर आपला आकडा त्यात उतरवून देऊ शकतो, आणि तसं करणं रास्त आहे. पण ज्या यंत्राने खरा आकडा उतरवता येतो त्याच यंत्राने खोटाही घालता येतो. दीड लाखाचे साठ हजार करून देऊ का, असं कुणी हळूच विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. पुढं ती गाडी विकताना गटाकडून फसवणूक झाली असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून मीटर काढायच्या आधी चालू असेल तर आकड्याचा फोटो घ्या. पूर्ण बंद असेल तर शेवटची सर्व्हिस पावती आणि आपली वही काढा. बिलावर चार गोष्टी लिहून घ्या. गाडीचा नंबर, तारीख, जुन्या मीटरचा आकडा आणि नव्या मीटरचा सुरुवातीचा आकडा. बिल पक्कं हवं. काढलेला मीटर परत मागा, तो गटाचा आहे. गाडीच्या फायलीत हे बिल कायम राहू द्या. गाडी पुढं विकताना तेच दाखवायचं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११७ व्या नियमात गाडीला स्पीडोमीटर असावा असं सांगितलंय. मालाच्या आणि भाड्याच्या गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, तेव्हा बंद मीटर आडवा येतो. त्यामुळं पासिंगच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा आधीच बघा. विम्याचं म्हणाल तर नेहमीच्या पॉलिसीत आपोआप झालेला इलेक्ट्रिकल बिघाड धरत नाहीत. अपघातात मीटर फुटला तर गोष्ट वेगळी. नव्या मीटरचे पैसे घेऊन जुनाच बसवला, किंवा बिल द्यायला नकार दिला, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

मीटर दुरुस्तीला गेलाय आणि गाडी तर रोज चालवायची आहे, मग काय? ऑइलचा दिवा किंवा तापमानाचा काटा बंद असेल तर गाडी उभीच ठेवा, एवढं माझं ठाम सांगणं आहे. नुसता वेगाचा काटा बंद असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. शेजारी बसलेलीने मोबाइलवर वेग बघावा, चालवणारीने नाही. डिझेलचा काटा बंद असेल तर अंदाजावर राहू नका. डिझेल गाडी पूर्ण रिकामी झाली की पाइपात हवा धरते आणि पुन्हा डिझेल टाकूनही लगेच सुरू होत नाही, मेकॅनिक बोलवावा लागतो. त्यापेक्षा टाकी भरून घ्यायची आणि किलोमीटर मोजायचे. समजा टाकी गच्च भरली, ३०० किलोमीटर गेलो, परत गच्च भरायला २० लिटर लागलं, तर गाडी लिटरला १५ देते. हा आकडा मीटर चांगला असतानाच काढून वहीत लिहून ठेवा.

आणि वहीचं म्हणजे असं. मीटर बंद असला तरी आपलं गाव ते तालुका किती किलोमीटर, ते दगडांवर लिहिलेलं आहे. रोजची फेरी, कुठून कुठं, किती किलोमीटर, किती डिझेल, चालवणारीची सही. मीटर बंद पडला त्या तारखेला लाल शाईने तशी नोंद आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. पुढं कुणी डिझेलचं विचारलं तर ड्रायव्हर ताईला शपथा घ्याव्या लागणार नाहीत, वही पुढं करायची.

दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारातच चावी फिरवून दिव्यांची तपासणी करा. इंडिकेटर, हेडलाइट लावून काटे स्थिर आहेत का बघा. मग पंपावर पाच लिटर टाका, डिझेलचा काटा थोडा तरी वर सरकला पाहिजे. येताना रस्त्यावरच्या एका किलोमीटरच्या दगडापाशी आकडा लिहून घ्या आणि दहा दगड पुढं गेल्यावर परत बघा. दहाच्या आसपास फरक आला तर मीटर बरोबर. घरी आल्यावर वहीचं नवं पान काढा आणि पहिल्या ओळीत त्या दिवशीची तारीख आणि मीटरचा आकडा लिहा.